वेनोबाचा घोट

सांबरोळीच्या खाडीत जेव्हा मोठी शिडाची जहाजं थेट गावाच्या कडेपर्यंत येत आणि वरच्या डोंगरात वाघ होते, त्या काळची ही गोष्ट आहे. तेव्हा राज्य कुणाचं होतं ते मला विचारू नका. सांबरोळीला राजाशी काही घेणंदेणं नव्हतं आणि राजालाही सांबरोळी ठाऊक नव्हती. नीट मांडी घालून बसा. गोष्ट ऐकताना गुडघे पोटाशी घेऊ नयेत, पोटाची वाट मोकळी ठेवावी, असं आमच्याकडे म्हणतात. का, ते पुढे कळेल.

गावाच्या डोक्यावर डोंगर, डोंगरात एक गुहा आणि गुहेत अचलनाथ नावाचे एक नाथपंथी जोगी राहत. माणूस कडक होता, पण खोटा नव्हता. कानात जाड कुंडलं, अंगाला राख, बोलणं मोजकं. त्यांची साधना वर जाणारी होती. ते सांगत, की कण्याच्या तळाशी प्रत्येकाच्या आत एक शक्ती निजलेली असते. श्वास आवरून तिला जागं करायचं, कण्यातून पायरी पायरीनं चढवायचं, माथ्यापर्यंत न्यायचं. तिथे ती शिवाला भेटली की मी-तूपण संपलं आणि जन्ममरणाचा फेराही संपला. नाथबाबा ध्यानाला बसले की गुहेच्या दारातलं गवत उन्हाशिवाय वाळे, असं म्हणतात.

गावाच्या पायथ्याशी, खाडीच्या चिखलात, दुसरा एक माणूस राहत होता. चीन देशातून चिनी मातीची भांडी घेऊन आलेलं एक जहाज खाडीच्या तोंडाशी खडकावर फुटलं होतं. वाचलेली माणसं दुसऱ्या जहाजानं परत गेली, हा एकटा राहिला. त्याचं नाव वेन की काहीतरी होतं. गावानं त्याचा वेना केला. पुढे लोक त्याला वेनोबा म्हणू लागले, पण ते पुढे.

गावाची भातशेती खाऱ्या पाण्यापासून राखायला मातीचा बांध होता आणि बांधाला एक लाकडी दार होतं. त्याला उघाडी म्हणतात. भरती आली की उघाडी लावायची, ओहोटी लागली की उघडायची, म्हणजे शेतात तुंबलेलं पाणी खाडीत निघून जातं. तिथे डास इतके, की ते काम कुणी घेईना. गावानं ते वेनाला दिलं आणि वर त्याच्यावर उपकार केल्यासारखं वागलं. माणसं अशीच असतात.

वेना रोज सकाळी बांधावर गुडघे थोडे वाकवून उभा राही. हात असे पुढे गोल धरलेले, जणू झाडाला मिठी मारली आहे. बायका पाण्याला जाताना हसत. “वेना, मिठी मारलीस, पण झाड कुटं हाय?” तोही हसे आणि म्हणे, “येतंय, येतंय.” त्याच्या देशात डोंगरावर राहणारे ताओपंथी साधक असत, त्यांच्यात तो लहानाचा मोठा झाला होता. त्याची साधना गोल फिरणारी होती. शक्ती पाठीतून वर न्यायची, कपाळावरून पुढच्या अंगानं खाली उतरवायची आणि बेंबीच्या खाली पोटात साठवायची. मग पुन्हा वर, पुन्हा खाली. निघून जायची घाई नाही. जितकं साठेल तितका माणूस टिकेल, आणि टिकत टिकत आभाळाशी आणि पाण्याशी एक होईल. पिढी उलटली, त्याला हसणाऱ्या पोरी आज्या झाल्या, तरी त्याचा एक केस पिकला नाही, असं म्हणतात.

या दोघांची ओळख झाली ती भांडणातून. नाथबाबा खाडीवर स्नानाला उतरत आणि वेनाचं ते उभं राहणं पाहून चिडत. एकदा म्हणाले, “तू देह सांभाळत बसलास. आम्ही देह ओलांडतो.” वेना म्हणाला, “नाथा, ओलांडायला पाय लागतात.” नाथबाबा रागानं निघून गेले आणि दुसऱ्या दिवशी तोच वाद पुढे चालवायला परत आले. मग रोजच येऊ लागले. बोलता बोलता कळलं, की ध्यानात दोघंही जीभ उलटी वळवून टाळ्याला लावतात. दोन म्हातारे बांधावर बसून एकमेकांना तोंड उघडून दाखवत होते, हे गावानं पाहिलं आहे. पण एका जागी पोचलेल्या त्या दोन जिभांचं काम वेगळं होतं. नाथबाबा म्हणाले, “टाळ्यातल्या चंद्रातून अमृत झरतं. ते खाली पडलं तर पोटातला सूर्य जाळून टाकतो. म्हणून जिभेनं वाट बंद करायची, थेंब पडू द्यायचा नाही.” वेना म्हणाला, “आम्ही जिभेचा साकव करतो आणि तेच पाणी घोट घोट गिळतो. पोटातलं शेत भिजायला नको का?”

हे सगळं नाथबाबांचा शिष्य ऐकत होता. त्याचं नाव धाकू. गावातल्याच भागू नावाच्या विधवेचा हा एकुलता एक मुलगा. ऐन तरुण, अंगानं काटक आणि स्वभावानं हट्टी. गुरूनं सांगितलेलं दुप्पट करायचं, ही त्याची खोड. त्याला वाटलं, चिन्याच्या संगतीनं आपले गुरू ढिले पडले. आता आपणच वाट राखायची, एक थेंबसुद्धा खाली पडू द्यायचा नाही. तो गुहेत गेला, आसन घातलं, जीभ वळवली, श्वास कोंडला, आणि बसला तो बसलाच.

दिवस गेले, धाकू हलला नाही. नाकाशी धरलेला सावरीचा कापूस हलला नाही. त्याचा माथा तापलेल्या तव्यासारखा होता आणि पावलं गार होती. नाथांच्या वाटेत हीच तर खूण. प्राण वर चढला की पाय गार पडतात, असं नाथबाबांनीच शिकवलं होतं. त्यांनी शिष्याच्या पायाला हात लावला आणि त्यांचा ऊर भरून आला. आपल्याला आयुष्यभरात जमलं नाही ते पोरानं केलं, असं त्यांना वाटलं. ते गुहेबाहेर येऊन म्हणाले, “समाधी लागली.”

मग काय विचारता! फुलं आली, ढोल आले, खाडीपलीकडची माणसं होड्या भरून आली. गावचा पाटील जिवाजी तर हरखून गेला. शेजारच्या गावात सिद्धाची समाधी होती, तिथे जत्रा भरे. सांबरोळीत मात्र डासांखेरीज सांगण्यासारखं काही नव्हतं. त्या मुलखात रीत अशी, की जोग्याला समाधी लागली तर येत्या अमावास्येच्या आत गुहेचं तोंड जांभ्याच्या चिऱ्यांनी बंद करायचं. पाटलानं गवंडी बोलावले. चिरे डोंगरावर चढू लागले.

भागू रोज वर जाई आणि लेकाचे पाय कोमट पाण्यानं धुई. लोकांना वाटे पूजा करते आहे. ती पूजा नव्हती. ती हातानं गारवा मोजत होती. आधी तो पावलांत होता, मग घोट्यांवर आला, मग गुडघ्यांवर. गारवा मांड्यांपर्यंत आला त्या दिवशी ती गुहेबाहेर बसलेल्या नाथबाबांसमोर जाऊन उभी राहिली.

“नाथबाबा, माजा पोर जिता हाय का मेला?”

“माय, तो समाधीत आहे.”

“मंग परत कवा येल?”

नाथबाबा गुहेच्या दाराकडे पाहू लागले.

“बाबा, मी बाळंतपणं करणारी बाई. गारवा वर चढत आला की काय व्हतं, ते माज्या हातांना ठावं हाय. तुमी त्याला वर नेलात. आता खाली आना.”

म्हणतात, की त्या वेळी ढोल वाजवणाऱ्यांचे हात आपोआप थांबले. नाथबाबा हळू आवाजात म्हणाले, “माय, मला वर न्यायची वाट माहीत आहे. उतरायची वाट मला कुणी शिकवली नाही. मी कधी विचारलीच नाही.” एवढं बोलून ते उठले, डोंगर उतरले, चिखल तुडवत वेनाच्या झोपडीपाशी गेले आणि त्या आडमुठ्या म्हाताऱ्यानं चिखलात डोकं टेकलं. आमच्या गावात आजही माणसं हा भाग सांगताना थांबतात. मलाही थांबावंसं वाटतं.

वेनानं सगळं ऐकलं. तो म्हणाला, “तो चढलाय आणि वर कोंडलाय. त्याच्या पोटात आता काही नाही. कुणीतरी आपलं द्यायला हवं.”

“माझं घे,” नाथबाबा म्हणाले. “हवं तेवढं घे, सगळं घे.”

वेनानं त्यांच्या बेंबीखाली तळवा ठेवला आणि मान हलवली. “नाथा, तुझं सगळं वर गेलंय. खाली काहीच ठेवलं नाहीस.”

“मग?”

“माझं आहे ना.”

ते किती वर्षांचं साठवलेलं होतं आणि दिल्यावर काय होणार, हे दोघांनाही ठाऊक होतं. नाथबाबा लहान मुलासारखे रडले, असं म्हणतात. वेनानं ओहोटीसाठी उघाडी उघडून ठेवली आणि तो त्यांच्याबरोबर डोंगर चढला.

गुहेच्या तोंडाशी चिऱ्यांची भिंत कमरेएवढी झाली होती. पाटील आडवा आला. “सिद्धाला शिवू नका. गाव बुडेल.” भागूनं भिंतीचा वरचा चिरा उचलला आणि खाली टाकला. मग दुसरा. गवंड्यांनी एकमेकांकडे पाहिलं आणि तेही चिरे काढू लागले. पाटील बाजूला झाला.

वेनानं नाथबाबांना धाकूच्या मागे बसवलं. “पाठीची वाट तुझी. तुझा हात तो ओळखतो. तिथे हात ठेव आणि फक्त सांग, की खाली यायला हरकत नाही.” भागूनं लेकाचे पाय मांडीवर घेतले. वेना स्वतः समोर बसला. त्यानं धाकूच्या कपाळासमोर तळवा धरला आणि हळूहळू खाली आणला. गळा, छाती, पोट. पुन्हा कपाळ, पुन्हा खाली. दोन्ही म्हाताऱ्यांचा श्वास हळूहळू एक झाला. नाथबाबा पाठीतून वर घेत होते, वेना पुढून खाली सोडत होता.

सकाळ गेली, दुपार गेली. खाली खाडीत भरती यायची वेळ झाली, पण पाणी आत आलं नाही. उघाडी सताड उघडी होती आणि खारं पाणी दारापर्यंत येऊन तिथेच उभं राहिलं, शेतात शिरलं नाही, असं म्हणतात. डोंगरावर वेनाच्या केसांत पहिली पांढरी बट दिसली. मग दुसरी. मग डोकं कापसासारखं झालं. गाल बसले, हातांवर सुरकुत्या धावल्या. लोकांच्या डोळ्यांदेखत सगळी राहिलेली वर्षं त्याच्या अंगावर आली. तळवा मात्र हलत राहिला.

भागू ओरडली, “पाय ऊन झालं!”

आणि धाकूच्या गळ्यात काहीतरी हललं. त्यानं घोट गिळला. एकच घोट, पण तो डोंगरापासून खाडीपर्यंत साऱ्या गावानं ऐकला. त्यानं डोळे उघडले, भोवती जमलेली माणसं पाहिली, फुलं पाहिली, चिरे पाहिले, आणि म्हणाला, “आये, पेज हाय का?”

सगळे धाकूकडे धावले. वेनाकडे फक्त नाथबाबांचं लक्ष होतं. त्यांनी त्याला पाठीवर घेतलं आणि बांधावर आणलं. वेना त्यांना टेकून बसला. नाथबाबांनी विचारलं, “मित्रा, तू तर टिकणार होतास. काय राहिलं तुझ्याकडे?” वेना म्हणाला, “गोल पुरा झाला.” मग खोळंबलेली भरती आली आणि वळली, आणि ओहोटीबरोबर तो गेला. त्याचं शरीर कुणाला सापडलं नाही. काही म्हणतात पाण्यानं नेलं, काही म्हणतात तोच पाणी झाला.

नाथबाबा पुन्हा गुहेत राहायला गेले नाहीत. उघाडीचं काम त्यांनी घेतलं आणि मरेपर्यंत केलं, डासांसकट. धाकूनं साधना सोडली नाही, पण रोज आईच्या हातची पेज पिऊनच डोंगर चढला. त्यानं पुढे लग्न केलं की नाही, यावर गावात दोन मतं आहेत आणि दोन्हीकडची माणसं जोरात भांडतात.

वेनोबाचं देऊळ नाही. बांधायचं म्हटलं तर म्हातारी माणसं भिंत घालू देत नाहीत. पण सांबरोळीत कुणाच्या अंगात वारं येऊन ते उतरेनासं झालं, किंवा कुणाच्या घरचं माणूस गेलं आणि मागे राहिलेलं दगडासारखं कोरडं बसलं, रडेना, बोलेना, तर त्याला एकटं सोडत नाहीत. एक जण त्याच्या मागे बसून पाठीवर हात ठेवतो. एक जण समोर बसून कपाळापासून पोटापर्यंत तळवा उतरवतो. ज्याचं त्याच्याशी वैर असेल, तोही त्या दिवशी येतो. घरातलं वडीलधारं माणूस कोमट पेजेची वाटी त्याच्या ओठांना लावतं आणि म्हणतं, “घे, वेनोबाचा घोट घे.” मग सगळे गप्प बसतात आणि त्यानं गिळल्याचा आवाज कानांवर येईपर्यंत त्या घरातून कुणीही उठत नाही.