स्टेनवरचा कप्पा

समोर जो दगडी मेंढवाडा दिसतो आहे, तो गाडीच्या चाकासारखा गोल आहे. मधे मोठं रिंगण, भोवती अकरा कप्पे. सप्टेंबरात डोंगरावरून मेंढ्या खाली येतात, त्यांना आधी रिंगणात घेतात आणि कानांवरची खूण पाहून ज्याच्या त्याच्या कप्प्यात ढकलतात. दहा कप्प्यांना लाकडी फाटकं आहेत. अकराव्याला नाही. त्यात गवत गुडघ्याएवढं वाढतं, पण कोणी मेंढी घालत नाही. त्याला स्टेनवरचा कप्पा म्हणतात.

मंडळी, तुम्ही कॅनडातून आपली मुळं शोधत एवढ्या लांब आलात, तर ही गोष्ट ऐकायलाच हवी. आधीच सांगून टाकते, म्हणजे मागाहून कुजबुजायला नको. हिच्यातला गुन्हेगार माझा पणजोबा.

हे खोरं ओस्कुदाल, म्हणजे राखेचं खोरं. दीडशे वर्षांपूर्वी डोंगर फुटला आणि तीन दिवस राख पडत राहिली. कुरणं गाडली गेली. राख मिसळलेलं गवत खाऊन मेंढ्यांचे दात झिजले, मग मेंढ्या गेल्या. तेव्हा आमच्या घरात विधवा आई रग्नहिल्दुर, मुलगा थोरमोड, त्याची बायको, दोन तान्ही मुलं आणि धाकटी बहीण स्टेनवर अशी माणसं होती. उरलेल्या मेंढ्यांवर सगळी जगणार नव्हती. किनाऱ्यावर माणसं कॅनडाला नेणारं जहाज लागलं होतं. जायचं कोणी, असा प्रश्न आला तेव्हा स्टेनवर म्हणाली, मी जाते. तिला कोणी पाठवलं नाही, असं सांगतात. पण थांब असंही कोणी म्हटलं नाही, हे मी माझ्या पदरचं सांगते.

आता खुणेचं समजून घ्या. आमच्याकडे प्रत्येकाची खूण वेगळी. थोरमोडची उजव्या कानाचं टोक कापलेली, स्टेनवरची डाव्या कानाला मधोमध चीर. ज्याच्या खुणेची एक तरी मेंढी खोऱ्यात चरते आहे, त्याचं घर खोऱ्यात आहे, असा इथला रिवाज. खूण संपली की माणसाचा हक्क संपला. निघायच्या दिवशी स्टेनवरने भावाला याच रिंगणात आणलं. तिची एक म्होरकी मेंढी होती, काळी, वादळाचा वास आधी घेऊन सगळा कळप घरी आणणारी. तिच्या डोक्यावर हात ठेवून थोरमोडने शब्द दिला, "तुझी खूण मी मरू देणार नाही. तू कधीही ये, हा कप्पा तुझाच."

ती गेली. विनिपेगच्या सरोवराकाठी लाकडाच्या झोपडीत राहिली, मासे साफ करून जगली. दर वसंतात तिचं पत्र यायचं आणि शेवटी एकच प्रश्न असायचा, माझी खूण आहे ना? पहिली काही वर्षं थोरमोड उत्तर देत होता, आहे.

मग राखेखालून गवत वर आलं. तिच्या खुणेच्या मेंढ्या त्याच्यापेक्षा जोमाने वाढल्या आणि त्याची नियत फिरली. त्याने चीर पडलेला प्रत्येक डावा कान आडवा छाटला, चीर गेली. उजव्याचं टोक कापलं, मेंढ्या त्याच्या झाल्या. विचारणारं कोणी उरू नये म्हणून तो दोन्हीकडे खोटं बोलला. आईला सांगितलं, सरोवराकाठी देवीची साथ आली, स्टेनवर त्यात गेली. आणि स्टेनवरला लिहिलं, आई गेली, आता इथे येऊन काय करशील? दोन जिवंत बायकांना एका माणसाने एकमेकींसाठी मारून टाकलं. सहा वर्षं त्या दोघी एकमेकींचं सुतक पाळत होत्या. मला हे सांगताना आजही लाज वाटते.

पुढचं 'म्हणे' लावून सांगते. कान छाटलेली म्होरकी त्यानंतर थोरमोडच्या कप्प्यात गेलीच नाही म्हणे. चार माणसांनी ओढली तरी उलटी फिरून स्टेनवरच्या कप्प्यात उभी राहायची. आणि तिची कोकरं जन्मतःच डाव्या कानाला चीर घेऊन यायची. थोरमोड दर वसंतात ते कान छाटायचा. एका वर्षी मात्र ती डोंगरावर उशिरा व्याली आणि शरदात रिंगणात आली ती न छाटलेलं कोकरू मागे घेऊनच.

रग्नहिल्दुरची दृष्टी तोवर अधू झाली होती. पण जन्मभर लोकर विणलेली बोटं होती तिची. तिने कोकराचा कान चाचपला. सुरीने कापलेल्या कानाची कड राठ होते. ही कड मऊ होती, पोटातून आल्यासारखी. ती कोकराला धरून तशीच उभी राहिली आणि सगळ्या खोऱ्यादेखत म्हणाली,

"थोरमोड, ही खूण कोणी केलेली नाही, आपणहून आली आहे. खूण जिवंत, तर माणूस जिवंत. माझी लेक कुठे आहे?"

अजून एक खोटं बोलला असता तर निभावलंही असतं. पण आता ते त्याला जमलं नाही. तो म्हणाला, "सरोवराकाठी. जिवंत आहे."

त्याच आठवड्यात पाद्र्याने पत्र लिहिलं. हिवाळ्यात जहाजं बंद, पत्र पोचलं वसंतात. स्टेनवर हातातलं काम टाकून निघाली. जुलैत या खोऱ्यात उतरली, तेव्हा रग्नहिल्दुरला पुरून नऊ आठवडे झाले होते.

स्टेनवर भावाच्या घरात गेली नाही. रिंगणात येऊन उभी राहिली. थोरमोड म्हणाला, मेंढ्या घे, जमीन घे. ती म्हणाली,

"आईसाठी मी सहा वर्षांपूर्वी रडून बसले. आज रडायला आले तर रडूच येत नाही. ते तू नेलंस. जमीन घेऊन काय करू? तू दर वर्षी इथे उभा राहा आणि काय केलंस ते स्वतःच्या तोंडाने सांग. तू गेलास की तुझ्या घरातलं जे मोठं असेल त्याने सांगावं."

कप्प्याचं फाटक तिने स्वतः उपटलं आणि ती परत गेली.

थोरमोड मरेपर्यंत सांगत राहिला. माझ्या आजोबांनीही सांगितलं. माझ्या वडिलांनी मात्र, जुनं झालं आता, म्हणून बंद केलं. मला लहानपणी शिकवलं गेलं की पणजोबांची बहीण देवीने मेली. तिच्या नावाने मी फुलं वाहत असे! सगळ्या खोऱ्याला खरं माहीत होतं, आमच्या घराची भीड म्हणून कोणी बोललं नाही. मी सतरा वर्षांची असताना स्टेनवरची नात तिची पत्रं घेऊन इथे आली, तेव्हा मला कळलं. पणजोबाने बहिणीला फसवलं, बापाने मला. त्या दिवसापासून वडिलांशी मी पूर्वीसारखी बोलले नाही. त्यांच्यामागे घरात मोठी मी. बंद पडलेलं पुन्हा सुरू केलं.

आजही मेंढ्या उतरल्या की, एकही फाटक उघडण्याआधी, आमच्या घरातलं मोठं माणूस रिंगणात उभं राहतं आणि म्हणतं, "स्टेनवर मेली नव्हती. आम्ही खोटं बोललो." मग सगळे थांबतात. तिच्या वंशातलं कोणी आलेलं असेल तर ते एकच शब्द बोलतं, "ऐकलं." माफ केलं, असं आजवर कोणी म्हटलेलं नाही. आणि ते मागायचा आम्हाला हक्क नाही.