पाटलांची रिकामी चंची

एका डोंगराच्या पायथ्याला कुस्तीसाठी नावाजलेलं एक गाव होतं. नावाजलेलं म्हणजे किती, तर जत्रेत त्या गावची पोरं आखाड्यात उतरली की समोरचे आधी नवस बोलायचे. पण एका वर्षी भलतंच झालं. दोन डाव होतात न होतात तोच पोरं धापा टाकत खाली बसली. वस्तादानं एकेकाचा सदरा झटकला, तर ज्याच्या त्याच्या खिशातून तंबाखूची पुडी पडली. त्यातलं सगळ्यात लहान पोर दहा वर्षांचं!

गाव चावडीवर जमलं. पाटील भडकले, आणि भडकायलाच हवं होतं. त्यांनी त्याच दिवशी दवंडी पिटवली: अठरा वर्षांच्या आतल्या कुणालाही तंबाखू विकायची नाही, विकेल त्याचं दुकान बंद.

गावात दुकान एकच, शाळेच्या वाटेवरचं, भागाक्काचं. बाई एकटी, त्या दुकानावरच तिची चूल पेटायची. जागाही पाटलांच्या शब्दावर मिळालेली. पण त्या पुड्या आपणच बांधून दिल्या, या विचारानं तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. तिनं मनापासून मान डोलावली.

दुसऱ्या दिवसापासून नवीच तऱ्हा सुरू झाली. पोरं यायची नि सांगायची, आजोबांना हवीय, काकांनी मागवलीय. आता थोरांना नाही कसं म्हणायचं? भागाक्का देत राहिली. महिना झाला तरी पोरांची धाप काही कमी होईना. मग एके सकाळी एक बहाद्दर आजोबांसाठी पुडी घेऊन गेला, आणि तो पाठमोरा झाल्यावर भागाक्काला आठवलं की त्या आजोबांच्या तेराव्याला ती स्वतः जेवून आली होती.

तिनं कपाळावर हात मारला. आता नाव कुणाचंही असो, पोराच्या हाती पुडी जाणार नाही, असं तिनं तिथंच ठरवलं.

आणि बघा, त्यानंतर पहिली आली ती नेमकी पाटलांची नात. हातात आजोबांची चंची, म्हणजे तंबाखू ठेवायची कापडी पिशवी. पाण्यात राहून माशाशी वैर करू नये, हे भागाक्काला कुणी शिकवायला नको होतं. तरी तिनं पोरीच्या हातावर गुळाचा खडा ठेवला आणि चंची रिकामीच परत धाडली.

थोड्याच वेळात पाटील नातीला घेऊन दुकानापुढे हजर. मागे अर्धं गाव. नियम गावच्या वांड पोरांसाठी आहे, पाटलांच्या घरासाठी नाही, आणि जागा कुणी दिली ते विसरू नकोस, असं ते नाही नाही ते बोलले.

भागाक्कानं दाराची फळी उचलली आणि त्यांच्यापुढे धरली.

"पाटील, दवंडी तुमचीच होती. दुकान बंद करायचं तर ही फळी तुम्ही लावा. पण दुकान उघडं आहे तोवर लेकराच्या हातात तंबाखू देणार नाही. हवी तर तुम्ही या."

तेवढ्यात नात पाटलांचं धोतर ओढत म्हणाली, "आबा, रागवू नका ना. मी शेजारच्या गावातून आणीन. मळूनही देईन. आता मला खाल्ली तरी गरगरत नाही."

पाटलांचा चेहरा पांढराफटक पडला. पोर आठ वर्षांची होती. दवंडी गावभर फिरली होती, पण त्यांच्याच ओसरीवर पोचली नव्हती. त्यांनी फळी हातात घेतली, लोकांना वाटलं संपलं सगळं. पाटलांनी ती मुकाट्यानं भिंतीला टेकवली आणि आपली चंची दुकानाच्या खुंटीला अडकवली.

मग दुसरी दवंडी झाली: ज्याला तंबाखू हवी त्यानं आपल्या पायांनी यावं. म्हातारे कुरकुरले, गुडघे दुखतात म्हणाले. काहींची तर चालायच्या कंटाळ्यानंच सुटली. पुढच्या जत्रेत पोरं जिंकली की हरली ते सोडा, दम मात्र शेवटच्या डावापर्यंत टिकला.

चंची अजून त्या खुंटीला आहे. पाटील ती न्यायला कधीच आले नाहीत.

तात्पर्य: पोरांसाठी केलेला नियम आधी थोरांनी पाळावा लागतो, नाहीतर तो पोरांच्या हातून थोरच मोडवून घेतात.