शालनताईंचं गाणं

“मग यात कमी काय आहे, ते तरी सांगा.”

ओजसने हे दुसऱ्यांदा विचारलं. मास्तर कॉफी ढवळत राहिले.

नगरला चर्चच्या मागच्या चाळीत एलिया साळवे मास्तरांची एक खोली आहे. उभं आयुष्य ते ऑर्केस्ट्रात हवाईयन गिटार वाजवत आले. आता रविवारी चर्चमध्ये वाजवतात, आणि गुडघे बरे असले तर शिकवतात. गिटार मांडीवर आडवी, डाव्या हातात पोलादी कांडी. बोटाने तार दाबायची नाही, कांडी नुसती टेकवून सरकवायची. सूर माणसाच्या गळ्यातून यावा तसा येतो.

ओजस, म्हणजे माझा नवरा, त्यांच्याकडेच शिकला. मग पुण्याला जाऊन ब्लूज वाजवायला लागला. ब्लूज म्हणजे अमेरिकेतल्या काळ्या मजुरांचं दुःखाचं गाणं, हे मला लग्नाआधी माहीत नव्हतं. आता आमच्या कुकरची शिट्टीसुद्धा त्याच सुरात होते.

त्याचा पहिला अल्बम तयार होता. नाव ‘उपसा’. टँकरच्या रांगेतल्या बायका, उसाच्या फडातल्या झोपडीत जन्मलेली पोरं, अशी गाणी. शेवटचं गाणं शालनताईंचं. त्यांचा नवरा ड्रेनेज साफ करायला खाली उतरला, तो वर आलाच नाही. गाणं ताईंच्या तोंडचं आहे. ओजस त्यात ‘मी’ म्हणून गातो.

मास्तरांनी ‘बरं आहे’ म्हटलं की मी स्टुडिओतल्या केदारला ‘पाठव’ असं लिहायचं, आणि संध्याकाळपर्यंत अल्बम लोकांच्या फोनवर. म्हणून ओजसचा फोन माझ्या मांडीवर होता. मास्तरांच्या ‘बरं आहे’शिवाय त्याने आजवर काहीच बाहेर काढलेलं नाही. बाकी तो कुणाचं ऐकत नाही.

मास्तरांना रेकॉर्डिंग ऐकवायला गेलं, तर म्हणाले, डब्यातलं मी खात नाही. समोर वाजव.

ओजसने आधीची गाणी वाजवली होती. मास्तर त्यांवर काही बोलले नव्हते. म्हणून तो चिडला होता.

“काय क्रांतिकारक,” मास्तर आता म्हणाले, “घसा पार बसवून घेतलास की.”

“वर्षभर गातोय, मास्तर.”

“दिसतंय… शेवटचं वाजव.”

त्याने शालनताईंचं गाणं वाजवलं. डोळे मिटून. आवाज फाटलेला, आणि सुरासुरावर डावा हात थरथरत होता. ते थरथरणं मला आवडायचं. लग्न ठरलं तेव्हा तर फारच.

गाणं संपलं.

“सूनबाई, कॉफी गार झाली तुमची,” मास्तर म्हणाले.

मी प्याले.

“ही बाई आहे रे कुठं? का गाण्यातच आहे?”

“आहे ना. हडपसरला असते.”

“तिला ऐकवलंस?”

“घरी जाऊन ऐकवलं. हलली ती, मास्तर. शब्द फुटेना तिला.”

असं काही सांगून झालं की ओजस माझ्याकडे बघतो, आणि मी मान हलवते. आमचं हे न ठरवता ठरलेलं आहे. या वेळी मी कपाच्या तळाशी बघत बसले.

मास्तरांच्या ते लक्षात आलं.

“तुम्ही होता तिथं?”

“होते.”

“काहीच म्हणाली नाही?”

“मला विचारलं त्यांनी,” मी म्हटलं. “हळूच. ‘यात रडतंय कोण?’”

ओजसने कांडी खाली ठेवली.

“हे तू मला सांगितलं नाहीस.”

“तू डोळे मिटून होतास.”

मास्तर हसले नाहीत. मला वाटलं होतं, हसतील. ते भिंतीला धरून उठले, दोन्ही गुडघे वाजले, आणि ओजसच्या शेजारी सतरंजीवर येऊन बसले. त्यांनी त्याचं डावं मनगट धरलं. पेशंटची नाडी धरावी तसं, पण सोडलं नाही.

“पहिला सूर लाव. हात हलवायचा नाही.”

ओजसने कांडी उचलली आणि तार छेडली.

सूर खाली होता. थोडासाच. पण मलासुद्धा कळला, म्हणजे बघा.

“दुसरा.”

तोही खाली.

“ऑर्केस्ट्रात आम्ही हेच करायचो,” मास्तर दमल्यासारखे म्हणाले. “सुराची जागा सापडली नाही की हात हलवायचा. लोक म्हणायचे, काय दर्द आहे बुवा.”

ओजसने उजवा हात तारांवर ठेवून सूर बंद केला.

“सगळ्याच गाण्यांत असं आहे?”

“सगळ्याच.”

माझ्या मांडीवर फोन थरथरला. केदारच. पाठवू का, म्हणून विचारत होता. शुक्रवारी कार्यक्रम होता, पोस्टरं लागली होती, त्यांवर ओजसचा चेहरा होता, डोळे मिटलेला. मी फोन त्याच्यासमोर धरला. तो स्क्रीनकडे बघत राहिला. फोनचा उजेड आपोआप गेला, तरी बघतच होता.

“नको म्हण त्याला.”

मी ‘नको’ लिहिलं. लगेच फोन वाजायला लागला. मी तो बंद करून पिशवीत टाकला, बसमध्ये खायला आणलेल्या पोळ्यांच्या डब्याखाली.

“मास्तर,” ओजस म्हणाला. त्याचा आवाज आता खरोखरच गेला होता. “हात हलवायचा नाही. रडायचं नाही. मग तिच्यावर काय गुदरलं ते लोकांना कळणार कसं?”

“वाजव.”

“गाऊ?”

“घसा आहे का?”

मास्तरांनी मनगट सोडलं आणि भिंतीला पाठ टेकली.

ओजस वाजवायला लागला. शब्द नाहीत, नुसती गिटार. कांडी हळूहळू वर सरकायची, चाचपडायची, आणि एका जागी येऊन टेकायची. टेकली की तिथेच. हात हलायचा नाही. सूर निघायचा आणि विझेपर्यंत सरळ राहायचा. मग पुढचा, तितक्याच उशिराने.

मला शालनताईंची खोली आठवली. त्या दिवशी त्यांनी चहा केला होता, आणि बोलता बोलता दारामागच्या खिळ्यावर अडकवलेला नवऱ्याचा शर्ट काढून, घडी घालून, परत तिथेच अडकवला होता.

बाहेर कुणीतरी स्कूटरला किक मारत होतं. ती काही सुरू होत नव्हती. मास्तरांनी डोळे मिटले होते, हनुवटी छातीवर आली होती. मला वाटलं, झोपले.

ओजसलाही तसंच वाटलं असावं. त्याने मध्येच हात थांबवला आणि वाकून हळूच विचारलं,

“मास्तर… असं?”

मास्तरांनी डोळे उघडले नाहीत.

“ती बाई सांगत होती रे… तू कशाला मध्ये बोललास?”