फुकटची नाव

फार पूर्वी एका रुंद नदीच्या मधोमध एक बेट होतं आणि त्या बेटावर एक गाव. गावात ठकू नावाची एक चटईवाली राहायची. नवरा लव्हाळ्याच्या चटया विणायचा, ठकू त्या पलीकडच्या बाजारात नेऊन विकायची. जाण्यायेण्याला साऱ्या गावात एकच नाव आणि एकच नावाडी.

सुगी झाली की घराघरातून नावाड्याला सूपभर धान्य जायचं. त्याबदल्यात रीत साधी होती. जो आधी काठावर आला, त्याचं ओझं आधी नावेत. गाठोडं कोणाचं, त्यात काय आहे, हे नावाडी विचारत नसे.

पलीकडच्या काठावर एका व्यापाऱ्याचं मोठं दुकान होतं. गूळ, साखर, कापड, भांडी, बेटावरचे लोक सगळं त्याच्याकडूनच मागवायचे. त्याची पोती वाहता वाहता नावाड्याच्या डोक्यात किडा वळवळला. तो व्यापाऱ्याला म्हणाला, "शेठ, माझी नाव तुमच्याच मालानं भरते. तुम्हीही काही द्यायला हवं."

"का म्हणून? माल गाव मागवतं, तो आणायचं धान्य गाव देतं. एकाच खेपेचं दोघांकडून घेणार तू?"

"वजन तर तुमचं आहे ना, शेठ."

व्यापारी आधी चिडला. मग विचारात पडला आणि हसला. "बरं, देतो. गाव देतं त्याहून जास्त देतो. पण मग माझा माल आधी. बाकीच्यांचा, जागा उरली तर."

गावच्या पारावर येऊन नावाड्याने ही गोष्ट जरा गोड करून सांगितली. "यंदापासून मला धान्य नको. सगळ्यांचं भाडं शेठ भरणार. त्यांचा माल तेवढा आधी येईल, एवढंच."

लोक खूश झाले. एक म्हातारा बुरूड मात्र उठून उभा राहिला. "आणि बियाणंवाला? मीठवाली? वैद्यबुवा? त्यांना कोण आणणार रे?"

ठकूच्या घरात तेव्हा धान्य जेमतेम होतं. ती मोठ्याने म्हणाली, "बाबा, फुकट मिळतंय तर तुमच्या का पोटात दुखतंय?" सगळा पार हसला. म्हातारा खाली बसला.

सुरुवातीला सगळं छान चाललं. मग मीठवाली पलीकडच्या काठावर उन्हात बसून बसून कंटाळली आणि यायचीच बंद झाली. बियाणंवाला पोचला तोवर पेरण्या उरकल्या होत्या. मीठ आणि बियाणं मग व्यापाऱ्यानेच ठेवलं, आणि भाव तो म्हणेल तो.

एका बाजाराच्या दिवशी ठकू चटयांचा भारा घेऊन नावेत चढू लागली, तर नावाड्याने वल्हं आडवं धरलं. "वहिनी, शेठच्या दुकानात आता चटया आल्यात. तुझ्या नेलेल्या त्यांना चालणार नाहीत."

"अरे, नाव रिकामी चाललीये! इतकी वर्षं सूप भरभरून दिलंय तुला!"

"तेव्हा तू देत होतीस. आता ते देतात," नावाडी म्हणाला. बोलताना तो तिच्याकडे बघत नव्हता.

त्याच साली दिवाळीच्या तोंडावर ठकूच्या नवऱ्याचे डोळे सुजले, लालभडक झाले. तिने पलीकडे वैद्यबुवांना निरोप धाडला. त्यांनी सकाळीच पाल्याचा ताजा रस काढला. तो नासायच्या आत डोळ्यांत पडायला हवा होता. रसाची वाटी घेऊन ते काठावर आले. नाव साखरेच्या पोत्यांनी भरलेली.

"एवढीशी वाटी आहे, हातात धरून उभा राहतो," वैद्यबुवा म्हणाले.

"सणाचा माल आहे, बुवा. पुढच्या खेपेला."

पुढच्या खेपेलाही पोतीच होती. त्याच्या पुढच्याही. ठकूला पलीकडे वैद्यबुवांचं पांढरं पागोटं दिसत होतं. नाव आली की ती गुडघाभर पाण्यात धावत जायची आणि पोती बघून मागे फिरायची. दिवस कलल्यावर वैद्यबुवा एकदाचे उतरले. त्यांनी वाटी नाकाशी नेली आणि रस वाळूत ओतून टाकला.

नवऱ्याच्या दोन्ही डोळ्यांत फूल पडलं, त्याला दिसेनासं झालं. आपण पारावर काय बोललो होतो, ते ठकूने त्याला स्वतःच सांगितलं. त्याने तिला बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं, असं तिला वाटत राहिलं.

आता गाव चिडलं. सगळे मिळून नावाड्याकडे गेले. "आम्ही दुप्पट धान्य देतो. जुनी रीत परत आण."

नावाड्याने मान खाली घातली. "नाव आता माझी राहिली नाही. फळ्या कुजल्या होत्या, शेठनी बदलून दिल्या. मी त्यांचा चाकर."

"मग आपण आपली दुसरी नाव बांधू!" ठकू म्हणाली. सगळ्यांना पटलं. पण बेटावर होतं लव्हाळं आणि बाभळीची झुडपं. नावेजोगतं लाकूड पलीकडच्या रानात. ते आणायचं तर याच नावेतून.

ठकू काठावर गेली. "दादा, थोडं लाकूड आणायचंय."

नावाड्याने डोकं खाजवलं. "आणू की, वहिनी. शेठना विचारून सांगतो."

ते उत्तर गावाला अजून मिळायचंय.

तात्पर्य: दुसऱ्याच्या पैशावर फुकट मिळालेली वाट दुसऱ्याच्याच मर्जीने बंद होते, मग ती नदीतून जाणारी असो की इंटरनेटच्या तारेतून.