आधी रांजण, मग खुर्ची

नदीकाठच्या खडकेवाडीत, कौलारू चर्चशेजारच्या चिंचेखाली, हनोखमहाराजांचे बिऱ्हाड होते. गळ्यात वीणा, मुखी प्रभू येशूचे नाव. लोक प्रेमाने महाराज म्हणत, तेव्हा ते हसत, "अरे, मी त्याच्या घरचा गडी."

त्यांचा एकुलता एक मुलगा सीलास कंपाउंडर झाला आणि त्याला दूरच्या वरखेड गावच्या दवाखान्यात नोकरी लागली. निघताना त्याने विचारले, "आबा, काही सांगायचंय?" रोज तास तास कीर्तन करणारे महाराज! पण बोलले एवढेच, "खुर्चीत बसायच्या आधी रोज दवाखान्याचा रांजण स्वतःच्या हातानं भर. प्रभूनं शिष्यांचे पाय धुतले, तुला कावड जड होऊ नये. आणि पाणी उकळून भर हो, औषधातला माणूस तू." मग पोराच्या फडक्यात आणखी दोन भाकऱ्या कोंबल्या नि तोंड फिरवून डोळे पुसले. संत झाले तरी बापच ना!

सीलास रोज मैलभरावरच्या झऱ्यावरून कावड आणी, पाणी उकळी, रांजण भरी आणि मगच खुर्चीत बसे. गावचे बडे बागाईतदार अमृतराव येता-जाता टोमणे मारीत, "साहेब व्हायला आला नि पाणक्या झाला! आणि ह्याच्या हातचं पिणार कोण?" खरोखरच कोणी पीत नसे. संध्याकाळी सीलास सगळे पाणी दारच्या कडुलिंबाला घाली. शेवटी बिचाऱ्याने घरी पत्र लिहिले, 'आबा, पाणी कोणी पीत नाही. भरू का?' उलट टपाली कार्ड आले. त्यावर एकच शब्द होता, 'भर.'

चैत्रात गावात पटकीची साथ आली. विहिरीचे पाणी नासले. डॉक्टर औषधे आणायला तालुक्याला गेले आणि दुपारपर्यंत ओसरीवर बारा रोगी येऊन पडले. तहानेपुढे कसला विटाळ! सगळ्यांनी रांजणाचे पाणी घेतले. आता तळाशी जेमतेम घागरभर उरले होते. झऱ्यावर जावे तर रोग्यांपाशी कोण? सीलासला रडू कोसळायचे बाकी होते.

तोच दारात महाराज उभे! कोणी निरोप धाडला नव्हता, तरी आदल्या दिवशीच ते पायी निघाले होते.

"आबा, पाणी संपलं हो!"

"तू ह्यांचा हात सोडू नको, बाळा. रांजणाचं तो बघेल." महाराजांनी रांजणाच्या काठावर तळवा ठेवला, डोळे मिटून प्रार्थना केली आणि शांतपणे एका म्हातारीचे पाय चेपत बसले.

इतक्यात अमृतराव धावत आले. हातांत सहा वर्षांचा नातू, डोळे खोल गेलेले. सीलासने मीठ-साखर घातलेल्या पाण्याचा पेला पुढे केला. अमृतरावांचा हात अडखळला.

"आजोबा, पाणी," पोरगे पुटपुटले.

अमृतरावांनी दोन्ही हातांनी पेला घेतला.

दोन दिवस सीलास चमच्याचमच्याने पाणी पाजत होता. आणि काय सांगावे! जितक्या वेळा तांब्या बुडवला, तितक्या वेळा पाणी रांजणाच्या गळ्याशी! महाराज जागचे हलले नव्हते, कावड कोपऱ्यात कोरडी पडली होती. तिसऱ्या दिवशी डॉक्टर परतले, नातवाची नाडी पाहिली आणि म्हणाले, "वाचला!"

अमृतरावांनी पागोटे उतरवून महाराजांच्या पायांवर डोके ठेवले. महाराजांनी त्यांना उठवले. "पाणी पोरानं भरलं, पुरवलं प्रभूनं. मी नुसता बसून होतो." तेव्हा अमृतराव सीलासपुढे वाकले. "साहेब, माझं चुकलं," एवढेच कसेबसे बोलले.

दुसऱ्या दिवशी उजाडताच सीलासने पाहिले, तर रांजण तळापर्यंत कोरडा ठणठणीत! तो कावड शोधू लागला, पण कावड कोपऱ्यात नव्हती. ती झऱ्याच्या वाटेने धापा टाकत येणाऱ्या अमृतरावांच्या खांद्यावर होती.

महाराजांनी चुलीत लाकडे सारली आणि लेकाच्या पाठीवर हात ठेवला. "आज तू खुशाल खुर्चीत बस, बाळा."