धुरपाचं चालतं पाणी

ही गोष्ट नेमकी कधीची ते विचारू नका. वेढेमाचीतल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारलंत, तर तो म्हणेल, माझ्या पणजीच्या लहानपणीही ही जुनीच होती. म्हणजे फार फार वर्षांपूर्वीची, एवढं धरून चालू.

वेढेमाचीच्या डोक्यावर एका उंबराच्या मुळातून झरा निघतो. तोच पुढे सातवळणी ओढा होतो. नदी म्हणावी एवढा काही तो मोठा नाही. उन्हाळ्यात शेळीसुद्धा एका उडीत पलीकडे जाते. झऱ्याखालीच पहिल्या वळणावर मोठी कोंड आहे, तिथे पाणी पुरुषभर खोल. मग करंजांच्या सावलीतून उरलेली वळणं घेत ओढा गावाला वळसा घालतो आणि गाव संपलं की कड्यावरून खाली उडी घेतो. त्या काळी घागर बुडवली की निम्मं पाणी आणि निम्मे मासे येत, असं म्हणतात. दगडाला तोंड लावून शेवाळ खाणारे मळे मासे होते, डासांच्या अळ्या मटकावणाऱ्या चपळ दांडवणी होत्या, कपारीत खेकडे, फांदीवर खंड्या. उदांची, म्हणजे पाणमांजरांची, एक जोडी होती, ती तर गावातल्या कुत्र्यांनाही भीक घालत नसे.

गावात धुरपा नावाची बाई होती. गेळफळं कुटून मासे धरण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. गेळफळाचा चेंदा पाण्यात कालवला की मासे गुंगतात, वर येतात. पण त्याला रीत असते. एखादं लहान डबकं दगडमाती लावून ओढ्यापासून तोडायचं, वाहतं पाणी बाजूने काढून द्यायचं आणि तेवढ्यापुरतंच औषध टाकायचं. धुरपाला ही रीत तोंडपाठ होती, आणि म्हणूनच पुढे जे झालं त्याला तिच्याकडे सबब नव्हती.

त्या वर्षी जत्रेला पाहुणे लोटले. गणोजी पाटील हा गावचा कारभारी. मनाने वाईट नव्हता, पण पाहुण्यांपुढे मान खाली जाऊ नये म्हणून काय वाटेल ते करायचा.

तो म्हणाला, "धुरपे, डबक्याचं काय घिऊन बसलीस? मोठ्या कोंडीतच टाक की. शंभर पानं उठायची हाईत."

धुरपाने नाही म्हणायला हवं होतं. पण शंभर माणसांत नाव होईल, या हौसेला ती भुलली. तीन पाट्या गेळफळं तिने कुटली आणि वाहत्या पाण्यात सोडली.

पाहुणे ढेकरा देत गेले. दुसऱ्या दिवशी धुरपा पाण्याला गेली, तर पहिल्या वळणापासून कड्यापर्यंत ओढा पांढरा झाला होता. बोटाएवढी पिल्लंसुद्धा पोटं वर करून तरंगत होती. उदांची जोडी त्याच दिवशी निघून गेली. चार दिवसांनी खंड्याही दिसेना.

लोक म्हणाले, पावसाळ्यात येतील मासे. पण येणार कुठून? खालचे मासे कडा चढून येत नाहीत. पावसाळा सरला तसा दगडांवर बुळबुळीत हिरवा थर साचला आणि पाणी अळ्यांनी वळवळू लागलं. मग घरोघरी हिवताप शिरला. धुरपाची धाकटी जाऊ सोना त्या तापात गेली. धुरपा रडली नाही. आपल्याला रडण्याचा हक्क आहे, असंच तिला वाटलं नाही.

गाव जमलं. ओढा रुसलाय, बोकड द्या, असं ठरत आलं. तेवढ्यात धुरपा उठली.

"वढा रुसला न्हाई. म्या मारलाय. त्यात बोकड कशापायी मरावा? मी मासं आनून सोडनार."

"अगं, हितं मासं देवानं ठिवलं व्हतं," पाटील म्हणाला.

"देवानं एकडाव ठिवलं. आता माझी पाळी."

लोक हसले. काल मारले, आज पेरतीया, म्हणाले. हसणाऱ्यांचे दात दिसतात, धुरपाची पावलं दिसली. दुसऱ्या दिवशी पहाटे डोक्यावर मातीची घागर घेऊन ती निघाली.

खिंडीपलीकडे पाच कोसांवर नदी होती. तिथे हिरू भोई जाळं टाकायचा. त्याने जिवंत मासे दिले आणि वर चेष्टाही केली, "मासा तळायला नेत्यात गं, हवा खायाला न्हाई." धुरपा खिंडीत विसाव्याला बसली, गावी पोचली. घागरीत पाहिलं, तर एकही मासा जिवंत नव्हता.

दुसऱ्या खेपेला तिने घागरीला ओलं फडकं गुंडाळलं. तरी तेच. पण या वेळी तिचं लक्ष होतं. चढावर पाणी डचमळत होतं, तेव्हा मासे तळाशी खुशाल होते. खिंडीत तिने घागर खाली ठेवली, पाणी निपचित झालं, आणि मासे वर येऊन आ वासायला लागले. तेव्हा तिला कळलं की मासे चालण्यानं मरत नाहीत, बसण्यानं मरतात.

तिसऱ्या खेपेला ती नदीवरून निघाली ती घागर उतरवायची नाही असं ठरवूनच. पाच कोस, मधे खिंड. पायात काटा मोडला, तो तसाच राहिला. खिंडीच्या अरुंद वाटेवर वाघ आडवा बसला होता, असं म्हणतात. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दरी. धुरपाने पाऊल आखडलं नाही.

"सरक बाबा," ती म्हणाली. "मला खायचं तर परतताना खा. आता माझं पानी चालतंय."

आणि वाघ अंग चोरून कड्याला चिकटला, असं म्हणतात. कुणी म्हणतं, तो वाघ नव्हताच, तरस होतं. असेल. तुमच्यासमोर तरस बसलं तर तुम्ही काय कराल, ते मात्र आधी सांगा.

गुराख्यांनी हे पाहिलं आणि धावत जाऊन गावात सांगितलं. सगळं गाव वेशीवर आलं. धुरपा आली ती लटपटत, टाचेतून रक्त येत होतं. गणोजी पाटलाला ते पाहवेना. तो वाटेत आडवा झाला.

"धुरपे, थांब. चूक माझीबी हाय. दे घागर हिकडं."

"थांब म्हनू नगा, पाटील," धुरपा चालता चालताच म्हणाली. "संगं चाला."

पाटील बाजूला झाला आणि तिच्या बरोबरीने चालू लागला. त्याच्यामागे सगळं गाव. पहिल्या वळणावर धुरपा डोक्यावरच्या घागरीसकट कोंडीत शिरली, गळ्याएवढ्या पाण्यात गेली. तिचे हात वर होईनात. मग पाटील पागोट्यासकट पाण्यात उतरला आणि दोघांनी मिळून घागर कलती केली. अकरा मासे निघाले. अकराही हलले, वळले आणि खोल गेले. तेव्हा कुठे धुरपा काठावर बसली आणि सोनाचं नाव घेऊन पोटभर रडली.

त्या हिवाळ्यात तिने एकवीस खेपा केल्या. पुढच्या साली दगड स्वच्छ झाले, ताप हटला आणि उदांची जोडी परत आली, मागे तीन पिल्लं घेऊन, असं म्हणतात.

वेढेमाचीत त्यानंतर कुणी ओढ्यात गेळफळ टाकलेलं नाही. घागर घेतलेल्या माणसाला तिथे कुणी थांब म्हणत नाही. बोलायचं असेल तर वळायचं आणि बरोबर चालायचं. नव्याने आलेली सून असो नाहीतर मोजणीला आलेला साहेब, हे पहिल्याच दिवशी शिकतो. माघात एक दिवस गावातली एक बाई खिंडीपलीकडच्या नदीचं पाणी आणते, मधे कुठेही न टेकता. वेशीपासून सगळं गाव तिच्यासोबत चालतं. कोंडीत ती गळ्याएवढ्या पाण्यात उभी राहते, आणि घागर कलती करायला पहिला हात लागतो तो पाटलाच्या घरचा.