राहीच्या कड्याची सुई

एका राज्यात समुद्र होता, पण तो कोणाला धड दिसत नसे. किनाऱ्यापासून कोसभर गेले की धुके लागे, आणि ते धुके कधी विरत नसे. हे काम काळभोज मांत्रिकाचे. राजा वज्रसेनाने त्याला प्रधान केले नाही, एवढाच काय तो अपराध! मांत्रिकाने रुसून मूठभर राख लाटांवर फेकली आणि म्हणाला, "माणसानं घडवलेलं लोखंड ज्या दिवशी गलबताला घरची वाट दाखवील, त्या दिवशी हे धुकं उठेल. तोवर चाचपडा!" मग उत्तरेच्या काळ्या गुहेत जाऊन बसला. मोठ्या विद्येची माणसे कधी कधी अशी लहान मनाची निघतात.

राज्याचे नशीब एवढेच की राजवाड्यात एक सुई होती. ती कोणी घडवलेली नव्हती. राजाच्या आजोबांच्या काळी आभाळातून लोखंड पडले, त्याचीच ती कपची. वाटीतल्या पाण्यात काडी तरंगत ठेवावी, काडीवर सुई ठेवावी, की ती हळूच वळून उत्तरेकडे तोंड करी. तिच्या भरवशावर तीन गलबते वर्षातून एकदा पलीकडच्या बेटावरून भात आणीत आणि सगळे राज्य जेवत असे.

गलबतांचा तांडेल नागोजी. त्याची बायको राही. राहीला भाऊ नव्हता, म्हणून बापाची भट्टी तीच चालवी, आणि घणाचा घाव असा घाली की धडधाकट गडी तोंडात बोट घालीत. तिच्या उजव्या हातात पोलादी कडे होते. तिकडे लोहाराच्या लेकी लग्नात असे कडे घालतात, नवऱ्याच्या आयुष्यासाठी, आणि जन्मभर काढत नाहीत. राहीचे कडे बापाने स्वतः घडवले होते. त्यावर त्याच्या हातची तीन टिंबे होती.

गलबते निघण्याआधी सुई पूजेला भट्टीवर येई. लोहारांची रीत अशी की पूजेचे लोखंड आधी विस्तवातून काढायचे, मग त्याला हळदकुंकू. राहीचा बाप साऱ्या हत्यारांना विस्तव दाखवी, सुईला मात्र नुसते हळदकुंकू लावी. का, ते त्याने कधी सांगितले नाही. त्या वर्षी बाप हयात नव्हता. राही मनाशी म्हणाली, "माझ्या धन्याची सुई, ती अशुद्ध कशी पाठवू?" तिने सुई निखाऱ्यांत लालबुंद केली, निववली, हळदकुंकू वाहिले आणि मोठ्या मायेने नागोजीच्या हाती दिली. गलबते निघाली.

पाचव्या दिवशी भट्टीच्या दारात एक म्हातारा करकोचा उतरला. दरवर्षी उत्तरेकडून येणारा पक्षी तो, त्याला दिशा शिकवावी लागत नाही. तो म्हणाला, "राही, गलबतं धुक्यात गोल गोल फिरताहेत. सुई हवी तिकडे तोंड करते. माणसं चाळीस आहेत. पाणी नऊ दिवसांचं उरलं आहे."

राहीच्या हातून सांडशी गळाली. "मग तूच वाट दाखव ना रे बाबा!"

"सांगून पाहिलं. मांत्रिकाने पूर्वी बोलके पक्षी पाठवून दोन गलबतं बुडवली आहेत. तांडेल लोखंडावर विश्वास ठेवतो, पाखरावर नाही. आणि त्या लोखंडाला तू विस्तव दाखवलास."

"विस्तवाने काय होतं?"

"लोखंडाच्या पोटात अगणित चिमुकले रहिवासी असतात. सगळ्यांची तोंडं एकीकडे असली की लोखंड जागं असतं, उत्तर ओळखतं. विस्तवात ते भांबावतात आणि दहा दिशांना तोंडं करतात. मग एकाचं बळ दुसऱ्यात जिरून जातं."

राही ओरडून रडली नाही. पदराने तोंड पुसले आणि थेट दरबारात गेली. "महाराज, सुई मी मारली. मला शिक्षा करा."

राजा सिंहासनावरून उठला. त्याचा सख्खा भाऊ त्या गलबतांवर होता. "शिक्षा नंतर," तो म्हणाला. "आधी माणसं. तुला काय हवं?"

काय हवे ते राहीमागून आलेल्या करकोच्याने सांगितले. कामे तीन: काळभोजाच्या गुहेतून लोखंडाला ओढून घेणारा अयस्कांत नावाचा दगड आणायचा, कसदार पोलादाची सुई घडवायची, आणि सुईच्या रहिवाशांना एका दिशेला वळवायचे. "मऊ लोखंड लवकर शिकतं आणि लवकर विसरतं," तो म्हणाला, "तेव्हा पोलादच घे."

दोन दिवस चालून राही करकोच्यासह गुहेशी पोहोचली. आत सोन्याची रास होती, राशीवर तो काळा दगड होता, आणि भिंतींना चिलखतांसकट शूर वीर पालींसारखे चिकटलेले होते. अंगावर टाचणीएवढे लोखंड असले तरी ती गुहा माणसाला सोडत नसे.

"कडं काढ," करकोचा म्हणाला.

"ते धन्याच्या आयुष्याचं आहे!"

"म्हणूनच काढ."

 डोळे मिटून राहीने कडे काढले, बाहेरच्या फांदीला अडकवले आणि आत गेली. सोन्याकडे तिने ढुंकूनही पाहिले नाही. मांत्रिक कोपऱ्यात शेंगा सोलत बसला होता. राही म्हणाली, "काका, हा एक दगड नेते."

काळभोज खदखदा हसला. "ने बाई. लोहाराला ठोकण्यापलीकडे काय येतं!"

ती दगड घेऊन बाहेर आली तशी फांदीवरच्या कड्याने उडी मारली आणि दगडाला घट्ट मिठी घातली. राही त्याच्याकडे पाहत राहिली. बापाच्या हातच्या पोलादाहून कसदार पोलाद राज्यात कुठे होते? भट्टीवर परत येताच तिने कडे तोडले, एक तुकडा तापवून लांबवला आणि सुई घडवली. एवढेच जपले की सुईच्या जाड टोकाला ती तीन टिंबे शाबूत राहावीत.

मग ती सुई दगडावर घासू लागली. दिवसभर घासली. वाटीत ठेवली, तर सुई ढिम्म! दुसरा दिवसही तसाच गेला. आता पाणी तीन दिवसांचे उरले.

"कशी घासतेस ते दाखव," करकोचा म्हणाला.

राहीने दाखवले. कानस चालवावी तसा तिचा हात पुढे जाई आणि मागे येई. जन्माची सवय ती!

"अगं, पुढे जाताना तू त्यांना वळवतेस आणि मागे येताना पुन्हा फिरवतेस. बिचाऱ्यांनी कोणाचं ऐकावं? एकाच दिशेने ने. टोकाला हात उचल. दुरून वळसा घे. पुन्हा पहिल्यापासून."

सोपे वाटले, पण लोहाराच्या हाताला ते घण मारण्याहून जड गेले. हात आपोआप मागे वळू पाही. दर खेपेला राही स्वतःशीच म्हणे, "एका वाटेने, माझ्या बाबांनो, एका वाटेने." असे तिने शंभर वेळा केले, मग आणखी शंभर वेळा. मग काशाच्या वाटीत पाणी घेतले, काडी ठेवली, काडीवर सुई ठेवली. सुई जरा थरथरली, सावकाश वळली आणि उत्तरेकडे तोंड करून थांबली. तेव्हा मात्र राही हमसून हमसून रडली.

करकोच्याने सुई चोचीत धरली आणि धुक्यात शिरला. तो डोलकाठीवर उतरताच खलाशांनी वल्ही उगारली. त्याने काही न बोलता सुई नागोजीपुढे टाकली. नागोजीने ती उचलली, तीन टिंबे पाहिली आणि त्यांवरून बोट फिरवले.

"हे राहीचं कडं आहे," तो म्हणाला. "शिडं उभारा. ही सांगेल तिकडे."

तिसऱ्या दिवशी पहिल्या गलबताचे पुढचे टोक वाळूला लागले, आणि त्याच क्षणी धुके चादर ओढावी तसे उठले. लोकांनी आपला समुद्र पहिल्यांदा पाहिला. तो निळा होता. गुहेच्या भिंतींवरून चिलखतांचे वीर धपाधप खाली पडले, आणि काळभोजाची विद्या त्याच्या शेंगांच्या टरफलांइतकीच उरली.

राही राजापुढे उभी राहिली. "महाराज, आता शिक्षा."

राजा भावाचा हात धरून उभा होता. तो म्हणाला, "चूक लपवली असतीस तर चाळीस घरं बुडाली असती. शिक्षा एवढीच. दरवर्षी पूजेला सर्वांसमोर सांगायचं की सुईला विस्तव का दाखवायचा नाही. तुझ्या बापाचं सांगायचं राहून गेलं, ते तू सांग."

राहीने ते जन्मभर सांगितले. आभाळातली सुईही तिने त्याच दगडावर, एका वाटेने, पुन्हा जागी केली. नागोजीने नवे कडे आणले, ते मात्र तिने घातले नाही. बाया विचारीत, "राही, हात मोकळा का गं? कडं कुठे आहे?"

राही समुद्राकडे बोट दाखवी आणि म्हणे, "ते धन्यांबरोबर गेलंय. त्यांना घेऊनच येईल."